पहिला कॅमेरा घेताय? आधी फोटो ठरवा, मग लेन्स; बॉडी सगळ्यात शेवटी

‘कुठला कॅमेरा घेऊ?’ या प्रश्नाला दहा जण दहा मॉडेलं सुचवतात, आणि प्रत्येक जण बहुतेक स्वतःकडे आहे तेच सुचवतो. मग आपण तुलनेचे व्हिडिओ बघत बसतो, चार दिवसांत मेगापिक्सेल, ऑटोफोकस पॉइंट, डायनॅमिक रेंज सगळं पाठ होतं आणि गोंधळ होता त्याहून वाढतो. कारण ही सगळी माहिती बॉडीबद्दलची, म्हणजे लेन्स वगळून उरलेल्या कॅमेऱ्याबद्दलची असते. फोटो कसा येणार हे मात्र बऱ्याच अंशी लेन्स ठरवते, आणि लेन्स कुठली हवी हे तुम्हाला कसले फोटो काढायचेत त्यावरून ठरतं. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने जातो.

मॉडेलांची यादी इथे मिळणार नाही. अशी यादी वर्षभरात शिळी होते. कॅमेऱ्यांची नावं येतील ती फक्त उदाहरणादाखल.

१. मोबाइलमधले फसलेले फोटो आधी बाहेर काढा

गेल्या वर्षभरातले मोबाइलवरचे फोटो चाळा. जे मनासारखे आले नाहीत ते एका फोल्डरमध्ये टाका. आता प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: नेमकं काय बिघडलं?

पक्षी ठिपक्याएवढा दिसतोय, स्टेजवरचा माणूस ओळखू येत नाही, झूम केल्यावर सगळं रंगवल्यासारखं झालंय? मग तुम्हाला लांब पल्ल्याची लेन्स हवी. पळणारं मूल पुसट आलंय? तिथे शटर स्पीड कमी पडला (शटर जास्त वेळ उघडं राहिलं), म्हणजेच प्रकाश कमी पडला. मोठ्या अॅपर्चरची लेन्स (अॅपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं तोंड) आणि चांगला ऑटोफोकस पाहा. घरातले, रात्रीचे फोटो खरखरीत येतात? मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आणि तेच मोठं अॅपर्चर. चेहऱ्यामागची पार्श्वभूमी मोबाइल कृत्रिमपणे धूसर करतो आणि केसांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात? पुन्हा मोठं अॅपर्चर. फुलावरचा किडा नीट येत नाही? मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं दाखवणारी लेन्स.

आणि फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक आहे, पण बघायला कंटाळवाणा वाटतो? मग अडचण चौकटीत काय घेतलं, उजेड कुठून आला याची आहे. ती कुठलाही कॅमेरा सोडवत नाही. ते मोबाइलवरही शिकता येतं.

एक गोष्ट विक्रेते सांगणार नाहीत: भर उजेडातलं निसर्गदृश्य, जेवणाचं ताट, चारचौघांचा ग्रुप फोटो असलं सगळं आजचा बरा मोबाइल एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन आणि त्या जोडून इतकं नीट करतो की फोनच्याच पडद्यावर पाहिलं तर कॅमेऱ्याच्या फोटोत फारसा फरक जाणवत नाही. तुमच्या फोल्डरमध्ये फसलेले फोटोच कमी असतील, तर हे पैसे प्रवासावर खर्च करा. फोटोही जास्त चांगले मिळतील.

२. बजेटचा आकडा पूर्ण सेटचा ठरवा

खिशातली सगळी रक्कम बॉडीवर घालायची आणि सोबत येईल ती लेन्स वापरत राहायचं, हे नवख्यांचं नेहमीचं गणित. माझा हिशेब साधा आहे: एकूण रकमेतला साधारण निम्मा भाग बॉडीला, उरलेला लेन्स आणि बाकीच्या सामानाला. पैसे कमीच असतील तर बॉडी जुनी घ्या, पण लेन्सचे पैसे कापू नका. बॉडीची किंमत भराभर उतरते. चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉडी बदलेपर्यंत टिकते आणि विकली तरी बरे पैसे देऊन जाते.

बाकीच्या सामानात हे धरा:

- दोन मेमरी कार्ड (एकच मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम बरी)
- एक जादा बॅटरी, शक्यतो त्याच कंपनीची. काही कॅमेरे बाहेरच्या बॅटरीला इशारा देतात किंवा चक्क नाकारतात
- साधी पण आतून मऊ बॅग
- हवेचा ब्लोअर आणि मायक्रोफायबर कापड
- फोटो साठवायला दोन हार्ड डिस्क; एकाच डिस्कवर एकच प्रत ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे
- हवा दमट असेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर

ट्रायपॉड लगेच नको. लागणार असेल तर धड घ्या. किटसोबत (बॉडी आणि लेन्स एकत्र विकतात तो संच) फुकट मिळणारा हलका ट्रायपॉड वाऱ्यात कॅमेऱ्यासकट आडवा होतो. फिल्टर, लेन्स साफ करायचं द्रावण, बॅगेवर बॅग असा ‘कॉम्बो’ दिसला की त्यातल्या प्रत्येक वस्तूची सुटी किंमत विचारा. उत्तर द्यायला विक्रेत्याला वेळ लागला तर समजून जा.

३. सेन्सरचा आकार समजून घ्या, मेगापिक्सेल सोडून द्या

प्रकाश सेन्सरवर पडतो. सेन्सर जितका मोठा, तितका एकूण प्रकाश जास्त गोळा होतो आणि कमी उजेडातली खरखर तितकी कमी. नेहमी भेटणारे आकार असे:

- फुलफ्रेम: ३६ × २४ मिमी
- एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा थोडा लहान)
- मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी
- ‘एक इंची’: १३.२ × ८.८ मिमी
- १/२.३ इंची: साधारण ६.२ × ४.६ मिमी

क्षेत्रफळ काढून पाहा. फुलफ्रेम ८६४ चौरस मिमी, तर १/२.३ इंची जेमतेम २८. तीसपट फरक! आणि चौथ्या ओळीतला ‘एक इंच’ प्रत्यक्षात कुठेच एक इंच नाही. त्याचा कर्ण १६ मिमीच्या आसपास भरतो. ही मापं जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलेली आहेत. त्यामुळे इंचातला आकडा वाचून अंदाज बांधू नका, मिलिमीटर शोधा.

मेगापिक्सेलचं गणित इतकंच: २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या उत्तम दर्जाने छापलं तर २० × १३ इंचांचा प्रिंट निघतो. फोर-के पडद्यावर एका वेळी सव्वाआठ मेगापिक्सेलच दिसतात. २४ वरून ४८ वर गेलात तर फोटोची रुंदी दुप्पट होत नाही, १.४ पट होते. फाइल मात्र दुप्पट जड. खूप कापाकापी करणारे पक्षिछायाचित्रकार आणि भिंतीएवढे प्रिंट काढणारे सोडले तर २० ते २६ मेगापिक्सेल कुणालाही पुरतात.

मग सगळ्यांनी फुलफ्रेमच घ्यावा का? मला नाही वाटत. फुलफ्रेमची बॉडी आज आवाक्यात आली असली तरी तिच्या लेन्स महाग आणि जड असतात, आणि जड कॅमेरा घरी राहतो. पहिल्या कॅमेऱ्यासाठी एपीएस-सी हे माझं सरळ मत. खूप चालणारे, डोंगर चढणारे असाल तर मायक्रो फोर थर्ड्सचाही विचार करा. लेन्स खरोखर लहान असतात.

४. कॅमेऱ्याचा प्रकार निवडा

*कॉम्पॅक्ट.* लेन्स बदलता येत नाही. लहान सेन्सरचे स्वस्त कॉम्पॅक्ट मोबाइलने संपवले. ते घेऊ नका. एक इंची किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचे चांगले असतात, पण त्यांची किंमत एपीएस-सी किटच्या बरोबरीने किंवा वरही जाते.

*ब्रिज.* दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, लेन्स पक्की बसवलेली, झूम अफाट. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. निकॉनच्या पी१००० ची लेन्स २४ ते ३००० मिमीच्या तोडीची आहे (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ). चंद्रावरचे खड्डे दिसतात. पण सेन्सर तोच १/२.३ इंची, आणि पूर्ण झूमवर अॅपर्चर एफ/८ (‘एफ’चा आकडा जितका मोठा, तितकं तोंड लहान). ढगाळ संध्याकाळी झाडीत बसलेला पक्षी टिपायला गेलात तर खरखरीशिवाय हाती फार काही लागत नाही. याउलट सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ मध्ये झूम २४ ते ६०० मिमीच, पण सेन्सर एक इंची आणि अॅपर्चर एफ/२.४ ते ४. झूमचा आकडा छोटा असूनही फोटो बरेच वरचढ. ब्रिज घ्यायचाच तर ‘किती एक्स’ नंतर विचारा, आधी सेन्सर विचारा.

*डीएसएलआर.* आत आरसा, वर काचेचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी). कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आता सगळा जोर मिररलेसवर वळवला आहे, त्यामुळे नव्या डीएसएलआरची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण वापरलेला डीएसएलआर ही पैशाच्या मानाने आजची सगळ्यात फायद्याची खरेदी आहे. २०१८ चा निकॉन डी३५०० घ्या: २४ मेगापिक्सेल, हलका, आणि प्रमाणित चाचणीत एका चार्जवर १५५० फोटो.

*मिररलेस.* आरसा नाही, सेन्सरला दिसतं तेच तुम्हाला दिसतं. फोटो काढायच्या आधीच उजेड कमी-जास्त कळतो, आणि नवख्याला याचा फार उपयोग होतो. नव्या बॉडी माणसांचे, प्राण्यांचे, पक्ष्यांचे डोळे ओळखून फोकस धरतात. बॅटरी मात्र लवकर संपते. २०१४ चा सोनी ए६००० त्याच चाचणीत साडेतीनशेच्या आसपास थांबतो. नवीन घेत असाल तर मिररलेसच घ्या.

५. लेन्स: इथे घाई नको

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला फोकल लेंग्थचा, मिलिमीटरमध्ये. लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ. एपीएस-सीवर हा आकडा १.५ ने गुणायचा (कॅननवर १.६ ने), मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने. म्हणजे ५० मिमीची लेन्स एपीएस-सीवर फुलफ्रेमवरच्या ७५ मिमीसारखी दिसते: एकट्यादुकट्याच्या चेहऱ्यासाठी छान, पण छोट्या खोलीत अख्खं कुटुंब बसवायला गेलात तर पाठ भिंतीला टेकते. घरातल्या फोटोंसाठी एपीएस-सीवर २३ ते ३५ मिमी घ्या.

दुसरा आकडा अॅपर्चरचा. तो जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. किटसोबत येणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूमवर बहुधा एफ/५.६ असते. तिच्याऐवजी एफ/१.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे घरात दिव्याच्या उजेडात किट लेन्सला जिथे आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील; वाढवला की खरखर वाढते) ६४०० करावा लागतो, तिथे हिला ६४० च्या आसपास पुरतो. इतका फरक दुप्पट किमतीची बॉडी घेऊनही पडत नाही. एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स ही बहुतेक कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते. लेन्सच्या बाबतीत दुसरं काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, ही एक घ्या.

गरजेनुसार ढोबळ जोड्या (एपीएस-सी धरून):

- घर, मुलं, सण-समारंभ: किट झूम, सोबत ३५ मिमी एफ/१.८
- फक्त पोर्ट्रेट: ५० किंवा ५६ मिमी, एफ/१.८ किंवा त्याहून लहान आकडा
- प्रवास: १६-८० किंवा १८-१३५ सारखी एकच झूम, सारखी लेन्स बदलावी लागत नाही
- पक्षी, वन्यजीव: किमान ४०० मिमीपर्यंत जाणारी, ३०० वर बहुतेकांचं समाधान होत नाही
- किडे, फुलं: १:१ मॅक्रो (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते), ९० ते १०५ मिमी, ५०-६० मिमीची मॅक्रो लेन्स किड्याच्या इतकी जवळ न्यावी लागते की तो उडून जातो

पक्ष्यांची आवड असेल तर खर्चाची वाटणी बदला. तिथे निम्मं-निम्मं चालत नाही. दोन तृतीयांश लेन्सवर जाऊ द्या.

आता माउंट, म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात ती खोबण. कॅमेरा घेताना तुम्ही खरं तर माउंट निवडत असता. एकदा तीन लेन्स झाल्या की कंपनी बदलणं महागात पडतं. सोनीचा ई-माउंट २०१० पासून आहे, त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांच्या आणि वापरलेल्या लेन्स मुबलक. फुजीफिल्मचा एक्स-माउंट २०१२ चा, मुळात एपीएस-सीसाठीच बनवलेला. मायक्रो फोर थर्ड्स २००८ पासून, पॅनासोनिक आणि ऑलिम्पस (आता ओएम सिस्टीम) यांच्या लेन्स एकमेकांना चालतात. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे दोन्ही २०१८ चे. आरएफला बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स बराच काळ फारशा मिळत नव्हत्या. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या एपीएस-सी लेन्स अधिकृतपणे आल्या, तेव्हा कुठे दार उघडलं. तुमच्या यादीतली लेन्स त्या माउंटला मिळते का आणि किती किमतीला, हे बॉडी घेण्याआधीच पाहून ठेवा.

दोन सापळे, दोन्ही स्वस्तात पडतात म्हणूनच लोक अडकतात:

पहिला, बंद पडलेले माउंट. कॅननचा ईएफ-एम, निकॉन १, सॅमसंग एनएक्स, सोनीचा ए-माउंट. बॉडी चांगल्या असतात, वापरलेल्या अगदी स्वस्तात मिळतात, पण पुढे रस्ता नाही. ईएफ-एमच्या लेन्स तर कॅननच्याच आरएफ बॉडीवर अडॅप्टर लावूनही बसत नाहीत. ईएफच्या (कॅननच्या डीएसएलआर लेन्स) मात्र अडॅप्टरने उत्तम चालतात. नावात एका अक्षराचा फरक, विकत घेताना डोळे उघडे ठेवा.

दुसरा, निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरमध्ये (डी३५००, डी५६०० वगैरे) फोकसची मोटर बॉडीत नसते. जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स त्यावर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ आहे का बघा.

६. बाकीची वैशिष्ट्यं: काय वाचायचं, काय सोडायचं

स्टॅबिलायझेशनबद्दल मोठा गैरसमज आहे. ते तुमच्या हाताचा कंप थांबवतं, समोरचं मूल थांबवत नाही. पळणाऱ्या मुलासाठी १/५०० सेकंद, उडत्या पक्ष्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंद शटर लागतोच, स्टॅबिलायझेशन असो वा नसो. स्थिर वस्तू, संग्रहालयं, हातात धरून व्हिडिओ यांना मात्र त्याचा मोठा फायदा. लेन्समध्ये असेल तर बॉडीत नसलं तरी चालतं.

सलग फोटोंचा वेग १० प्रति सेकंद असला की झालं. पण रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये किती सेकंद तो वेग टिकतो हे विचारा. बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती आतली जागा, भरला की कॅमेरा नेमका मोक्याच्या क्षणी थबकतो.

व्हिडिओ करणार असाल तर ही यादी घेऊनच दुकानात जा: ३.५ मिमीचा माइक जॅक आहे का. पडदा पुढे वळतो का. फोर-के करताना चौकट कापली जाते का. गरम होऊन बंद पडतो का. आणि सलग रेकॉर्डिंगला मर्यादा आहे का. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत ती २९ मिनिटं ५९ सेकंदांची असते. नुसतेच फोटो काढणार असाल तर हा सगळा परिच्छेद विसरा, आणि ‘सिक्स-के’ वगैरे शब्दांना पैसे मोजू नका.

मेमरी कार्डावर तीन-चार चिन्हं असतात. त्यातलं ‘व्ही३०’ शोधा. त्याचा अर्थ किमान ३० मेगाबाइट प्रति सेकंद वेग कायम राहील. १०० मेगाबिटचं फोर-के रेकॉर्डिंग सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच लिहितं, म्हणजे ते पुरून उरतं. मोठ्या अक्षरात छापलेला वेग हा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ३० मेगाबाइटची असते. ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास मावतात.

बॉडीवर बोटांनी फिरवायच्या चकत्या किती आहेत तेही पाहा. एकच असेल तर मॅन्युअल मोडमध्ये (शटर आणि अॅपर्चर दोन्ही स्वतः ठरवताना) एकावरून दुसऱ्यावर जायला बहुधा दर वेळी बटण दाबून धरावं लागतं. जाहिरातीत ही गोष्ट येत नाही, हाताला मात्र रोज जाणवते.

वायफाय, सीन मोड, फिल्म इफेक्ट: सगळ्यांत असतात. पुढे चला.

७. दुकानात हातात घेऊन पाहा

ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा प्रत्यक्ष हाताळा. स्वतःचं मेमरी कार्ड न्या आणि परवानगी घेऊन त्यावर फोटो काढा. घरी मोठ्या पडद्यावर बघता येतात.

करंगळी हवेत लोंबकळते का पाहा. जड लेन्स लावल्यावर अशी पकड मनगट दुखवते. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरला डोळा लावा आणि चौकटीचे चारही कोपरे एकदम दिसतात का तपासा. शेजारी एक बारीक चाक असतं, ते फिरवून आतली अक्षरं आधी स्पष्ट करून घ्या; न करता ‘धूसर दिसतं’ म्हणून चांगला कॅमेरा नाकारणारे लोक मी पाहिले आहेत. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून फोकस किती पटकन लागतो ते बघा. शेवटी सायलेंट शटर (आवाज न करता फोटो काढणारा मोड) चालू करून दिव्याखाली एक फोटो काढा. आडवे पट्टे आले तर त्या दिव्यांखाली सायलेंट मोड वापरता येणार नाही, एवढं कळून राहील.

पैसे देण्याआधी विचारायचं: वॉरंटी कंपनीची की दुकानाची? अधिकृत मार्गाने न आलेला माल स्वस्त असतो, पण दुरुस्तीला नेलात की कंपनीचं केंद्र हात वर करू शकतं.

८. वापरलेला घेताय? ही तपासणी सोडू नका

सोबत ठेवा: चार्ज केलेला मोबाइल टॉर्च, रिकामं कार्ड, शक्य तर लॅपटॉप. विक्रेत्याकडून मागा: मूळ बिल, वॉरंटी कार्ड, खोका, मूळ चार्जर. बिलावरचा, खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळाशी असलेला सिरीयल नंबर तिन्ही ठिकाणी जुळला पाहिजे. जुळत नसेल, किंवा ‘बिल हरवलं’ असं उत्तर आलं आणि किंमत संशयास्पद कमी असेल, तर निघा. चोरीचा माल गळ्यात पडू शकतो.

लेन्स आधी. दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे चार कण असतील तर काळजी नाही, फोटोत दिसत नाहीत. पण काचेच्या कडेकडून आत सरकणारे, मुळांसारखे फाटे फुटलेले पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. साफ करून मिळते, पण काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर डाग राहतातच. टॉर्चच्या उजेडात संपूर्ण काचेवर धुक्यासारखा पडदा दिसला तरी घेऊ नका. उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो फिके पडतील. झूम आणि फोकसची कडी पूर्ण फिरवा, कुठे अडते का, करकरते का ऐका.

मग सेन्सर. अॅपर्चर एफ/१६ करा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. मोठा करून चाळा. मऊ कडांचे करडे ठिपके म्हणजे धूळ, ती ब्लोअरने किंवा सफाईने जाते. रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो. तो जात नाही. दुसरा फोटो लेन्सवर झाकण लावून दोन सेकंदांचा काढा. एखाद-दुसरा रंगीत ठिपका चालतो, चांदणं पडलेलं नको.

शटर किती वेळा उघडलं ते विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतली बॉडी साधारण लाखभर, मधली दीड-दोन लाख, व्यावसायिक चार-पाच लाख क्लिकसाठी बनवलेली असते. ही हमी नव्हे. काही आधी जातात, काही दुप्पट चालतात. निकॉन हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. कॅननच्या अनेक बॉडींना वेगळं सॉफ्टवेअर लागतं, तेव्हा लॅपटॉप कामाला येतो. थेट कॅमेऱ्यातून निघालेलीच फाइल तपासा, कुणी पाठवलेली नको.

शेवटी सगळी बटणं, फ्लॅशचा जॅक, चार्जिंगचं दार, कार्डाची खाच. स्क्रूंवर स्क्रूड्रायव्हरच्या खुणा असतील तर कॅमेरा आधी कुणी तरी उघडलाय.

९. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात

नवा असला तरी परत करायची मुदत संपायच्या आत दोन चाचण्या घ्या. विटांची भिंत किंवा सपाट लावलेलं वर्तमानपत्र समोर धरून, कॅमेरा अगदी समांतर ठेवून, सगळ्यात मोठ्या अॅपर्चरला फोटो काढा. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर ठीक. एकच कोपरा जास्त धूसर असेल आणि कॅमेरा नीट समांतर ठेवून पुन्हा काढल्यावरही तसाच आला, तर लेन्सची काच तिरकी बसली आहे. डीएसएलआर असेल तर तोच मजकूर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा पडद्यावरच्या लाइव्ह व्ह्यूमधून फोकस करून पाहा. दोन्हींत फरक पडला तर फोकसची जुळणी बिघडलेली आहे. मिररलेस सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

नवीन कार्ड एकदा पूर्ण भरा आणि सगळ्या फाइली उघडतात का बघा. नकली कार्डं खोक्यावर ६४ लिहून आत कमी साठवतात आणि नेमकी समारंभात उघडी पडतात.

सेटिंग फार करू नका: अॅपर्चर प्रायॉरिटी (अॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ, किमान शटर १/१२५, फाइल रॉ आणि जेपेग दोन्ही. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो काढून मेलवर स्वतःला पाठवा, विमा किंवा पोलीस तक्रारीची वेळ आली तर तोच मागतात. आणि वरच्या चाचणीत काही खटकलं तर ‘वापरून बघू थोडे दिवस’ म्हणत बसू नका. मुदतीच्या आत बदलून मिळतं. नंतर तोच दोष दुरुस्ती केंद्राकडे जातो आणि कॅमेरा आठवडेच्या आठवडे तिथे पडून राहतो.